शून्यलब्धी

"मॅडम, एच शून्य आहे की नाही, ते एकदाच काय ते सांगा ना."

अकरावीच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. फळ्यावर क्षचा वर्ग असतो. क्षमध्ये एच ही लहानशी भर घालायची, नव्या वर्गातून जुना वर्ग वजा करायचा, आलेल्या बाकीला एचने भागायचं. उरतं २क्ष + एच. भागताना मी बजावलेलं असतं की एच शून्य नाही, म्हणूनच भागता येतं. आणि पुढच्याच ओळीत त्याच एचच्या जागी शून्य ठेवून मी २क्ष हे उत्तर लिहिते. बहुतेक मुलं ते वहीत उतरवून घेतात. एखादी मुलगी मात्र पेन खाली ठेवते आणि विचारते.

अंबरनाथला मी गणित शिकवते. मुलं इथली, उल्हासनगरची, बदलापूरची, काही वांगणीहून लोकलने येणारी. त्यातली बरीचशी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकासमोर येऊन बसतात. त्या पुस्तकात आधी लिमिट्स, मग कंटिन्युइटी, मग डिफरन्शिएशन, म्हणजे विकलन, असा धड्यांचा क्रम आहे. मीही कित्येक वर्षं त्याच क्रमाने शिकवत गेले. एचच्या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर होतं: तो शून्याकडे जातो, शून्य होत नाही. मुली गप्प बसत, आणि त्यांना पटलं असं मी धरून चाले. ते पटलेलं नसायचं. नुसती सूत्रं पाठ व्हायची, गुणही मिळायचे, पण घातांक पुढे आणून त्यातून एक वजा केल्यावर हाती आलेली गोष्ट नेमकी कशाची आहे, हे बारावी संपल्यावरही फार थोड्या मुलांना सांगता यायचं.

हा प्रश्न पेन खाली ठेवणाऱ्या मुलीचा एकटीचा नाही, हे मला उशिरा कळलं. १७३४ मध्ये जॉर्ज बर्कली या आयरिश बिशपने न्यूटनच्या अनुयायांना तो जवळजवळ याच शब्दांत विचारला होता. ज्याला आधी काहीतरी मानलं त्यालाच नंतर काहीच नाही म्हणून टाकून देता, हा कुठला तर्क? लायब्निट्सचा लेख १६८४चा, न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७चा. त्यांच्या गणिताने ग्रहांच्या कक्षा उलगडत होत्या, उत्तरं बरोबर येत होती, आणि तरी बर्कलीला द्यायला कुणाकडेही नीट उत्तर नव्हतं. ते मिळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली. आणि आपण मात्र सोळा वर्षांच्या मुलीने पहिल्याच तासाला गप्प बसावं अशी अपेक्षा करतो.

आपल्याकडे हा प्रश्न त्याहून जुना आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याला शून्याने भागलं तर शून्य येतं असं लिहिलं. ते टिकलं नाही. पण शून्यावरच्या क्रियांचे नियम घालून द्यायला हवेत हा त्याचा आग्रह टिकला. मग भास्कराचार्य आले. 'लीलावती'मधलं एक गणित मी आता वर्गात हमखास घालते. एका संख्येला शून्याने गुणलं, आलेल्यात त्याचंच अर्ध मिळवलं, त्याला तीनने गुणलं, मग शून्याने भागलं, तर ६३ आले. संख्या कोणती? मुलं लगेच म्हणतात, असं करताच येत नाही, शून्याने गुणलं की सगळं संपलं. भास्कराचार्यांचं उत्तर आहे १४. त्यांचा नियम असा की पुढे आणखी क्रिया बाकी असेल तर शून्याने गुणलेली राशी पुसून टाकायची नाही, तो गुणक शून्य तसाच धरून ठेवायचा. पुढे भाजकात शून्य आलं की दोन्ही शून्यं जातात आणि राशी जशीच्या तशी उरते. आजच्या परीक्षेत हे चूक ठरेल, आणि आजच्या नियमांनी ते चूकच आहे. पण 'शून्य झालं' आणि 'शून्य व्हायच्या वाटेवर आहे' यांत फरक करायला हवा, ही जाणीव त्या नियमात मला स्पष्ट दिसते. अशा हिशेबाचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे असंही ते तिथेच नोंदवतात.

उपयोग कसा, ते 'सिद्धान्तशिरोमणि'मध्ये आहे. हा ग्रंथ ११५०चा, तेव्हा त्यांचं वय ३६. ग्रहाची आजची आणि उद्याची जागा घेऊन वजाबाकी केली की दिवसाची गती मिळते, पण ती ढोबळ. चंद्राची गती तर क्षणाक्षणाला बदलते, म्हणून तिथी कधी संपते हे नेमकं काढायचं तर त्या क्षणाची गती हवी. तिला त्यांनी तात्कालिक गती म्हटलं. ती काढताना कोनात अगदी थोडा फरक झाला की ज्येत होणारा फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे ते वापरतात. आजच्या भाषेत साइनचं विकलन कोसाइन. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी संपल्याची वेळ आपण रोज वाचतो. तात्कालिक गतीची गरज त्या वेळेसाठीच पडली होती.

पुण्यात जन्मलेले आणि काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवणारे बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून भास्कराचार्यांना विकलनाचं तत्त्व माहीत होतं असं मांडलं. लंडनहून विल्यम स्पॉटिसवूड यांनी त्यावर आक्षेप घेतले. दोघांचंही वाचल्यावर मला वाटतं ते असं: कुठल्याही वक्राला लावता येईल अशी सर्वसाधारण पद्धत भास्कराचार्यांकडे नव्हती. त्यांच्याजवळ प्रश्न होता आणि त्या एका प्रश्नापुरतं खरं उत्तर होतं. हे कमी समजण्याचं कारण नाही. कल्पना पहिल्यांदा येते ती अशीच, एखाद्या नडीतून.

त्यांचं आणखी एक निरीक्षण आहे. ग्रहाच्या मध्यम जागेत जी दुरुस्ती करावी लागते ती जिथे सर्वांत जास्त असते, तिथे त्या दुरुस्तीमुळे गतीत पडणारा फरक शून्य असतो. हे वाक्य मी आधी वाचलं होतं, पण ते मला कळलं बदलापुरात.

जुलै २०१९. उल्हास नदीला पूर आला होता. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले, ते सगळ्यांना आठवत असेल. मी त्या रात्री बदलापूरला नातेवाइकांकडे होते. इमारतीच्या खाली जिन्यापाशी माणसं उभी होती आणि कुणीतरी भिंतीवर विटेच्या तुकड्याने रेघा मारत होतं. पाणी किती आलंय, असं फारसं कुणी विचारत नव्हतं. ते डोळ्यांना दिसतच होतं. वरच्या मजल्यांवरून एकच विचारणा होत होती: "चढतंय का?" खालून उत्तर जायचं, "अर्ध्या तासात तीन विटा चढलं." मग, "आता दोन." मग, "एकच, पण चढतंय." आणि पहाटे कधीतरी, "थांबलं." तेव्हा पाणी सगळ्यात वरच्या रेघेला होतं. रात्रभरात त्याच्याइतकं पाणी कधीच नव्हतं, आणि तरी त्याच क्षणी लोकांनी श्वास सोडला. सर्वांत जास्त उंची आणि चढण्याचा वेग शून्य, दोन्ही एकाच रेघेवर होतं.

तिथलं कुणीही लिमिटची व्याख्या शिकलेलं नसेल. पण उंची वेगळी आणि उंचीच्या बदलाचा वेग वेगळा, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. वेग कमी होतोय म्हणजे पाणी उतरतंय असं नाही, हेही ठाऊक होतं, आणि ही चूक माझी हुशार मुलं परीक्षेत करतात. त्या रात्रीनंतर मी शिकवण्याचा क्रम उलटा केला.

आता मी जांभळापासून सुरू करते. बदलापूरच्या मुलांना जांभळाची ओळख करून द्यावी लागत नाही. पाच मीटर उंच फांदीवरून जांभूळ सुटलं तर साधारण एका सेकंदात जमिनीवर येतं. पडलेलं अंतर, काळाच्या वर्गाच्या पाचपट. जमिनीला टेकताना त्याचा वेग किती? मुलं पाच मीटर भागिले एक सेकंद करून पाच सांगतात. मग एकजण म्हणतो, पण शेवटी ते जोरात येतं. बरं, मग शेवटच्या दशांश सेकंदाचाच हिशेब करू. त्यात अंतर ०.९५ मीटर, वेग ९.५. शेवटच्या शतांश सेकंदात ९.९५. सहस्रांशात ९.९९५. मी काहीच सांगत नाही. वर्गातूनच आवाज येतो, "दहा." दहा कोणत्याही ओळीत आलेलं नसतं. तरी कुणालाही शंका नसते.

आणि शंका नसते म्हणूनच मी ती मग काढते. दहाच कशावरून? ९.९९९९ का नाही? हा प्रश्न आला की मगच लिमिटला काही काम मिळतं. इतिहासातही ते असंच मिळालं. आधी गती मोजली गेली, मग शेकडो वर्षं वापरली गेली, आणि तिचा पाया घातला गेला सर्वांत शेवटी: कोशी यांचं पॅरिसमधलं पुस्तक १८२१चं, वायरश्ट्रास यांची बर्लिनमधली व्याख्यानं त्यानंतर चाळीस वर्षांनी झालेली. वायरश्ट्रास यांनी 'जवळ जातं', 'शून्याकडे जातं' ही हालचालच काढून टाकली आणि तिच्या जागी एक करार ठेवला. तू सांग दहाच्या किती जवळ हवं. एक शतांश? एक लक्षांश? तू जे मागशील त्याला मी काळाचा एक तुकडा काढून देईन, आणि त्याहून लहान कुठलाही तुकडा घेतलास तरी तुझी अट मोडणार नाही. ९.९९९९ला हा करार पाळता येत नाही. दहाला येतो. एच शून्य आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ आहे: नाही, कधीच नाही. शेवटच्या ओळीत मी एचची किंमत ठेवत नव्हते, कराराचा आकडा लिहीत होते. हे मी आधी वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं.

शब्दांचा विषय निघाला म्हणून सांगते. मराठीत लिमिटला सीमा म्हणतात, आणि या शब्दाने मुलांचा घोटाळा होतो. सीमा म्हणजे शीव, गाव संपतं ती जागा. आपल्या मध्य रेल्वेवरच्या शीव स्थानकाचं नावही तिथूनच आलं. मुलांना वाटतं, सीमा म्हणजे जिच्यापलीकडे जाता येत नाही ती रेघ. मग सीमेच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खात शेवटी तिच्यावर स्थिरावणारं फलन दाखवलं की ती म्हणतात, याने सीमा ओलांडली, म्हणजे ही सीमा नव्हेच.

बाळशास्त्री जांभेकरांनी विकलनावर मराठीत पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांच्यापुढे मराठी शब्द तयार नव्हते. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे, एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे, १८४६ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेलेले बाळशास्त्री. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'शून्यलब्धिगणित'. लब्धी म्हणजे जे लाभलं ते, भागाकाराचं उत्तर. शून्यलब्धी: वरची आणि खालची, दोन्ही राशी शून्याशी येऊन ठेपल्या, तरी भागाकारातून जे हाती लागतं ते. निदान मला त्याचा हा अर्थ लागतो. विकलन आणि अवकलन हे पुढे रूढ झालेले शब्द बरोबर आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भास्कराचार्यांचं १४ आणि जांभळाचं दहा या दोघांनाही कवेत घेणारा शब्द आपल्याकडे होता आणि आपण तो सोडला, याचं मला खरंच वाईट वाटतं. मी वर्गात तो वापरते. इंग्रजी पुस्तकाच्या समासात मुलं तो पेन्सिलीने लिहितात.

गेल्या हिवाळ्यात मी वर्गाला घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. वालधुनीच्या काठचं हे मंदिर शिलाहारांचं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६०. 'सिद्धान्तशिरोमणि'हून नव्वद वर्षं जुनं. मुलं तिथे लहानपणापासून जातात, पण वर बघत नाहीत. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं आणि डोक्यावर आकाश असतं, कारण शिखर मंडपाहून थोडं उंच जाऊन थांबलंय. ते कधी पुरं झालंच नसावं, असं अभ्यासक मानतात. तरी ते कसं झालं असतं हे त्यांना सांगता येतं. भूमिज शैलीत उभे पट्टे खालपासून टोकापर्यंत सलग चढतात आणि त्यांच्यामध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना आकाराने घटत जाणाऱ्या. इथे त्या ओळींची सुरुवात आहे, त्यांचा बाक आहे. सिन्नरच्या गोंदेश्वराचा फोटो मी सोबत नेला होता, तिथे तेच शिखर पूर्ण आहे.

मुलांनी अंबरनाथच्या शिखराचा फोटो वहीत चिकटवला आणि पट्ट्यांचा बाक सांभाळत पेन्सिलीने रेघा वर नेल्या. दगड संपले तिथून पुढे कागद कोरा. तरी रेघा एका ठिकाणी येऊ लागल्या. तिथे मंदिर नाही, कळस नाही, आणि बिंदू मात्र ठरलेला आहे. छेदात क्ष वजा दोन असलेल्या फलनाला क्ष बरोबर दोन असताना किंमत नसते, तरी तिथे सीमा असू शकते, हे मला पुन्हा समजवावं लागलं नाही.

एच शून्य आहे की नाही हे विचारणारी मुलगी मात्र रेघा काढून झाल्यावरही वहीकडे बघत बसली होती. तिची डावीकडची रेघ थोडी चुकून जास्त सरळ गेली होती आणि उजवीकडच्या रेघेला न भेटता तिच्या वरून निघून गेली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "कारागिराने खरंच असं बांधायला घेतलं असतं तर? मग शिखर कुठे आहे म्हणायचं?"

मी तिला खोडरबर दिलं नाही.