पिशवीसकट सात किलो



नाताळची सुट्टी जवळ आली की विमानाची तिकिटं महागतात, स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण या दिवसांत आणखी एका ठिकाणी रांग लागते आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. कुत्र्याला किंवा मांजराला विमानातून न्यायचं तर डॉक्टरांचा दाखला लागतो. प्राणी धडधाकट आहे, प्रवास सोसेल, रेबीजची लस वेळेवर टोचलेली आहे, असा. आणि तो ताजा लागतो. दिवाळीत घेऊन ठेवलेला नाताळात चालत नाही. त्यामुळे सगळे एकाच आठवड्यात येऊन बसतात.

त्या गर्दीत मीही होते. माझं काम साधं होतं, आमच्या ठकीच्या कानातलं औषध. ठकी म्हणजे मांजर. दवाखाना घरापासून काही लांब नाही, पण रिक्षात बसल्यापासून उतरेपर्यंत ती असा काही सूर लावते की रिक्षावाले आरशातून माझ्याकडे संशयानं बघतात. तिला विमानात न्यायचा विचार माझ्या मनात कधी आलेला नाही. सहप्रवाशांची दया येते म्हणून.

तर दवाखान्यात सगळ्यांचे डोळे वजनकाट्याकडे. अकासा एअरनं नोव्हेंबर २०२२ पासून छोट्या कुत्र्यामांजरांना मालकाबरोबर केबिनमध्ये घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मर्यादा होती सात किलोंची. एअर इंडिया त्याआधीपासूनच नेत होती. इंडिगो मात्र मदतनीस कुत्र्यांचा अपवाद सोडला तर पाळीव प्राणी घेत नाही. किलोंचा आकडा कंपनीगणिक आणि वर्षागणिक बदलतो, पण एक अट काही सुटत नाही. वजन धरायचं ते पिशवीसकट. शिवाय एका विमानात अशा प्राण्यांना जागा मोजक्याच, म्हणजे सुट्टीच्या दिवसांत त्यांचंही आरक्षण आधी धावत जाऊन करायचं.

एका जोडप्याची बंगळूरला बदली झाली होती. त्यांचा बोका पिवळा, गुबगुबीत, चेहऱ्यावर संस्थानिकाचा तोरा. एकटा काट्यावर बसला तेव्हा सगळं ठीक होतं. पिशवीत घालून ठेवला तर पाचशे ग्रॅम जास्त. मग परगावी निघालेल्या मुलाच्या बॅगेतून आपण जड मनानं चकलीचा डबा बाहेर काढतो, तसं त्या पिशवीतून एकेक सामान निघायला लागलं. आधी खेळण्यातला उंदीर. मग मऊ गादी. मग एक जुनी विटकी ओढणी निघाली, तेव्हा डॉक्टर आतून म्हणाले, "ती राहू दे. गादी काढा, पिशवी हलकी बघा, पण ओढणी ठेवा. तिला घराचा वास आहे." आणि म्हणाले, पिशवी आजपासूनच हॉलमध्ये उघडी टाकून ठेवा, त्याला आपणहून जाऊन झोपू दे. विमानतळावर तपासणीच्या वेळी पिशवी यंत्रातून जाते आणि मांजर हातात घ्यावं लागतं, मागे ही एवढी रांग, ट्रे आपटताहेत; तेव्हा अंगात पट्टा हवाच आणि नखं कापलेली हवीत. बोका हे सगळं ऐकत होता. पटलेलं काही दिसत नव्हतं.

एक गृहस्थ चपट्या नाकाचा पग घेऊन आले होते. त्यांना झोपेची गोळी हवी होती. म्हणजे प्रवासात गडबड नको. डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. गोळीनं रक्तदाब उतरू शकतो, श्वास मंदावतो, विमान हललं तर प्राण्याला स्वतःचा तोल सावरता येत नाही. आणि पगला तर आधीच श्वासाचे वांधे. ज्या जातींची नाकं माणसानं हौसेनं चपटी करून ठेवली, त्यांना कुठल्याही प्रवासात जास्त जपावं लागतं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर त्या बाकावर गोळीची गरज पगपेक्षा दुसऱ्याच एका तरुणाला होती. तो प्रत्येक पिशवीच्या जाळीशी मोबाइल नेऊन फ्लॅश मारत होता आणि "हाय बेबी, हाय बेबी" करत होता. घाबरलेल्या जिवाला कोपऱ्यात बसू द्यावं, एवढं समजायला प्राणी पाळावा लागतो असं नाही.

शेवटी नंबर लागला तो एका कॉलेजातल्या मुलाचा. त्याच्याबरोबर म्हातारा लॅब्रेडॉर होता. तोंडाभोवतीचे केस पांढरे, मागचे पाय जरा जड, आणि दवाखान्यातल्या प्रत्येकाकडे बघून शेपूट हलवण्याची सवय. घरचे सगळे सुट्टीत ताईकडे दिल्लीला निघालेले. चार दिवसांसाठी. एवढा मोठा कुत्रा सीटखाली मावणं शक्यच नव्हतं, तो पेटीतून खाली, सामानाच्या कप्प्यात जाणार.

डॉक्टरांनी त्याला घाबरवलं नाही. म्हणाले, प्राण्यांना नेतात त्या कप्प्यात हवेचा दाब आणि तापमान दोन्ही सांभाळलेलं असतं, आकाशात फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते जमिनीवर. पेटी चढवायच्या आधी ठेवतात तिथं, उतरवल्यावर ठेवतात तिथं. आणि डिसेंबरच्या अखेरीला दिल्लीत धुकं. विमान कधी तास-दोन तास लटकतं, कधी भलत्याच गावी उतरतं. आपण वैतागतो, वडापाव खातो, घरी फोन करतो. पेटीतल्याला यातलं काय कळतं? त्याला ना दिल्ली माहीत, ना धुकं, ना ताई. एरवी आपल्या हाकेसरशी येणाऱ्याला इतका वेळ आपण का येत नाही, एवढंच त्याला कळत असणार.

हे शेवटचं वाक्य माझं आहे, डॉक्टर एवढं बोलत नाहीत. त्यांनी दाखल्याचं पॅड हातात घेतलं, त्या कुत्र्याच्या कमरेवरून हात फिरवला आणि विचारलं, "घरी मागे कुणीच नाही?"

"कुणीच नाही," मुलगा म्हणाला. "कुत्री ठेवून घेतात त्या ठिकाणीही फोन केला. सगळं भरलंय." मग जरा थांबून म्हणाला, "तसे शेजारी काका आहेत. रोज जिन्यात याच्याशी बोलतात. पण त्यांना असं विचारायचं कसं?"

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवर सशाची टोपली. इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तोंडानं."

सगळा बाक हसला. मुलगाही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. मला मात्र त्याचं म्हणणं अगदीच खोटं वाटलं नाही. बदली झाली, घर हललं, तर प्राण्याला बरोबर न्यायलाच हवं, त्यासाठी करावी लागेल ती यातायात करावी. पण चार दिवसांचा प्रश्न असतो तेव्हा आपण विमान कंपनीची नियमावली वाचतो, पेटीचं माप घेतो, हजारोंचं भाडं भरतो, आणि समोरच्या दाराची बेल वाजवायला मात्र संकोचतो. पूर्वी आमच्या वाड्यात किल्ली, तुळस आणि मांजर शेजारी सोपवूनच लोक गावाला जात. शेजारच्यांना ते फार आवडायचं असंही नाही, कुरकुर चालायचीच. पण ते धरूनच चालायचे लोक.

मुलगा दाराशी गेला, त्यानं फोन लावला. दवाखान्यातल्या कलकलाटात ऐकू येईना म्हणून स्पीकर सुरू केला, आणि मग अर्थातच आम्ही सगळे गप्प झालो. त्यानं चाचरत चाचरत सांगितलं. पलीकडे काकांनी मध्येच तोडलं. "ते सगळं राहू दे. त्याला पोळी चालते का?"

डॉक्टर आतूनच ओरडले, "चालते! पण तूप लावू नका, वजन वाढलंय त्याचं!"