आपापल्या पाणवठ्यावर

1997 साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय क्रॉसिंगजवळ, पिर्निनी या ठिकाणी, दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद कॅनव्हास जमिनीवर अंथरला गेला. ग्रेट सँडी वाळवंटातले चाळीसहून अधिक स्त्रीपुरुष त्यावर बसले आणि प्रत्येकाने आपापला मुलूख रंगवला. यातल्या बहुतेकांच्या कुटुंबांनी वाळवंट सोडून गोठ्यांची, गुराख्यांची वस्ती गाठली त्याला काही दशके उलटली होती. आता त्यांनी आपल्या भूमीवरच्या हक्कासाठी दावा लावला होता. पण सुनावणीची भाषा इंग्रजी, आणि दावेदारांच्या भाषा वालमजारी, वांकाजुंगा, मांगला, जुवालिनी. जे सांगायचे होते ते वकिलांच्या प्रश्नोत्तरांत मावेना. तेव्हा त्यांनी पुरावा रंगवून द्यायचे ठरवले.

हेच ते ‘न्गुर्रारा’ चित्र. लवादासमोर एकेक जण उठला, चित्रावर चालत गेला, स्वतः रंगवलेल्या जागी उभा राहिला आणि तिथे उभे राहूनच आपल्या भाषेत बोलला. या भूमीशी आपले नाते काय, हे सांगण्यासाठी त्याला दुसऱ्या कशाचीही गरज पडली नाही. चित्रावर पाय ठेवायचा म्हटले तर आपल्याकडचा माणूस दचकेल. पण ते चित्र त्यांच्या लेखी जमिनीची प्रतिमा नव्हते, ती जमीनच होती. आणि आपल्या जमिनीवर माणूस उभा राहतो, चालतो, नाचतोसुद्धा. स्पायडर स्नेल हे वयोवृद्ध चित्रकार कुर्ताल नावाच्या पाणवठ्याचे नृत्य याच कॅनव्हासवर नाचले.

या चित्राला सामूहिक कला म्हणतात आणि ते खरेच आहे. मात्र सामूहिक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येते ते वेगळेच: दहा हात एकाच भिंतीवर फिरताहेत, कोणाची रेघ कोणती ते कळत नाही, सगळ्यांचा ‘मी’ विरघळून गेला आहे. न्गुर्रारात असे काहीही विरघळलेले नाही. वाळवंटातल्या बारमाही पाणवठ्याला ही माणसे ‘जिला’ म्हणतात. जिला त्यांच्या दृष्टीने सजीव असतो. पाऊस आणणारे सर्परूपी सत्त्व त्यात राहते. परका माणूस थेट पाण्यापाशी जात नाही, त्या जागेच्या माणसाने आधी त्याची तिथे ओळख करून द्यावी लागते. चित्राचाही नियम हाच. ज्याचा जिला, त्यानेच तो रंगवायचा. शेजाऱ्याचा हात कितीही चांगला असला तरी त्याने तो रंगवायचा नाही. हाताची सफाई हा इथे अधिकारच नव्हे. अधिकार जन्माने, नात्याने, गाणी आणि विधी शिकून येतो.

म्हणजे या सहकार्याचा पाया आपले काय नाही हे प्रत्येकाला ठाऊक असण्यात आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. समूह म्हणजे माणसांचा गोळा आणि व्यक्ती म्हणजे त्या गोळ्यातून सुटलेली एकांडी प्रतिभा, अशा दोनच टोकांत आपण कलेचा विचार करत आलो. वाळवंटातल्या या माणसांनी तिसरी रीत जपली आहे. प्रत्येकाने आपल्या जागेची जबाबदारी उचलायची आणि शेजाऱ्याच्या जबाबदारीला साक्षीदार राहायचे. एकट्याने रंगवलेला जिला त्या माणसाचा दावा ठरला असता. चाळीस जणांनी एकमेकांदेखत रंगवलेले आणि कोणीही हरकत न घेतलेले चित्र हा त्या मुलखाचा सातबाराच ठरतो. 2007 च्या नोव्हेंबरात न्यायालयाने पंचाहत्तर हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भूमीवर त्यांचा हक्क मान्य केला. महाराष्ट्राच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढी ही भूमी. निकाल एकट्या चित्रामुळे लागला असे म्हणणे बरोबर नाही. पण हे चित्र पुराव्यात होते.

आपल्या कायद्यालाही ही दृष्टी अगदीच परकी नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन, पवित्र झाडे, देवराया, तळी, दफनभूमी यांना पुराव्याचे स्थान आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याखाली. जमीन कागदाच्या आधीपासून असते आणि तिची माहिती माणसांच्या स्मरणात असते, एवढे दोन्हीकडच्या कायद्याला उशिरा का होईना उमगले.

आपापल्या जागेची ही रीत आणखी एका कलाकृतीत दिसते. कॅनबेरात ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोकळ ओंडक्यांच्या 200 रंगवलेल्या शवपेट्या उभ्या आहेत. 1788 पासूनच्या दोनशे वर्षांत आपली भूमी राखताना मेलेल्या माणसांसाठी रामिनगिनिंग परिसरातल्या 43 कलाकारांनी त्या 1988 मध्ये घडवल्या. कल्पना जॉन मंडाइन यांची. या शवपेट्यांची मांडणी ग्लाइड नदीच्या प्रवाहाप्रमाणे आहे. ज्या कुळाची भूमी नदीकाठी जिथे, तिथेच त्या कुळाचे ओंडके, आणि मधली वाट म्हणजे नदी. संग्रहालयात आणल्यावरही कोणी आपली जागा सोडलेली नाही.

या रीतीत अधिकार किती कडक असतो ते 1994 च्या एका खटल्यात दिसले. राष्ट्रीय कलादालनाने विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या चित्रसंचातली आदिवासी कलाकारांची चित्रे पर्थच्या एका कंपनीने विनापरवाना उचलली, व्हिएतनाममध्ये त्यांचे गालिचे विणून घेतले आणि ऑस्ट्रेलियात विकायला ठेवले. बंदुक मारिका यांच्या चित्रातला त्यांच्या कुळाचा पवित्र पाणवठा त्यामुळे कोणाच्याही बुटांखाली येणार होता. न्गुर्रारावर पाऊल टाकणे ही साक्ष, आणि या गालिच्यावर पाऊल टाकणे ही विटंबना. दोन्हीकडे पायच, फरक हक्काचा. कलाकार खटला जिंकले. भरपाई वेगवेगळी न देता सर्वांना मिळून एकत्र द्या, असे त्यांनी न्यायालयाला सांगितले, म्हणजे ती आपसांत समान वाटून घेता येईल. चार वर्षांनी जॉन बुलुन बुलुन यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. चित्राचा कायदेशीर स्वामी चित्रकार असला, तरी आपल्या गणालबिंगु लोकांशी तो बांधील आहे आणि त्यांच्या हिताविरुद्ध त्याला ते वापरता येणार नाही, असे ठरले. आधुनिक कायद्याला ‘आमचे चित्र’ ही गोष्ट अजून पुरती समजलेली नाही, पण तो निदान ऐकू लागला आहे.

ऐकायला त्याने किती वर्षे घेतली, ते यिर्कालात पाहावे. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आर्नहेम लँडमधल्या या गावी योल्न्गु समाजाच्या धुवा आणि यिरिट्जा या दोन अर्ध्या भागांतल्या ज्येष्ठांनी 1962-63 मध्ये चर्चसाठी दोन भव्य फलक रंगवले: धुवांचा एक, यिरिट्जांचा एक, आणि प्रत्येक कुळाने आपापला भाग. सरकारने त्याच भूमीतला बॉक्साइट खणायला द्यायचे ठरवले, तेव्हा 1963 मध्ये त्यांनी झाडाच्या सालीवर चित्रे काढून, मधोमध योल्न्गु आणि इंग्रजी मजकूर चिकटवून, संसदेला अर्ज पाठवले. संसदेने चौकशी समिती नेमली. खाण झालीच. मग हे लोक न्यायालयात गेले. 1971 मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी मान्य केले की या लोकांपाशी स्वतःची सूक्ष्म, सुघड कायदाव्यवस्था आहे. तरीही भूमीवरचा त्यांचा हक्क मात्र त्यांनी नाकारला. इतका स्पष्ट पुरावा डोळ्यांसमोर असताना असा निकाल देता येतो, याचा मला आजही संताप येतो.

अर्ज तयार होत असताना वडिलांना मदत करणारा एक मुलगा होता, गॅलरवुय युनुपिंगु. पुढे तो आपल्या लोकांचा नेता झाला आणि 2019 मध्ये त्याने त्याच भूमीसाठी ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारवर भरपाईचा दावा लावला. 2023 मध्ये तो वारला. 12 मार्च 2025 रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले आणि त्याच्या गुमाट्ज कुळाच्या भरपाईच्या दाव्याचा मार्ग मोकळा केला.