शेजारच्या तंबूतून ऐकताना

जनरेटर घ्यायचा आहे, पण आज दुकानाकडे वळायचं नाही. हे सावकाश वाचा. थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबा, वाटलं तर डोळे मिटा. यंत्र निवडण्याआधी एक जागा मनाशी नीट उभी करायची आहे.

जागा कॅलिफोर्नियातली, योसेमिटीच्या दरीतलं एक कॅम्पग्राउंड. भोवती उंच पाइन आणि सीडर. बे एरियातून चारेक तास गाडी चालवून तुम्ही पोचला आहात, आरव्ही मागे घेत घेत जागेवर बसवली आहे, चाकांना ठोकळे लावले आहेत. आरव्ही जोडायला विजेचा खांब इथे नाही. योसेमिटीच्या कुठल्याच कॅम्पग्राउंडवर नाही. काही पावलांवर पुढची जागा आहे आणि तिथे एक छोटा तंबू लागला आहे.

आता आरव्हीतून बाहेर या आणि मनाने त्या तंबूत जाऊन बसा. दिवसभर डोंगर चढून आलेलं कुणीतरी तिथे पाय पसरून बसलं आहे. कापडापलीकडचं सगळं आत येतं: नदी, कुणाचा तरी स्टोव्ह, ओलं लाकूड पेटताना होणारी चरचर. थोडा वेळ इथेच राहा.

जनरेटरचा विचार आपण बहुतेक वेळा आरव्हीत बसून करतो. मला काय काय चालवायचं आहे, मला किती परवडेल. तेही बघायचंच आहे. पण ज्याने ते यंत्र घेतलं तो खिडक्या लावून आत बसतो, आणि आवाज सोसतो तो कापडाआडचा माणूस. म्हणून पुढचे सगळे आकडे त्याच्या कानाने वाचू.

महाराष्ट्रात लोडशेडिंगची वर्षं ज्यांनी काढली त्यांच्या डोक्यात जनरेटरचा एक आवाज पक्का बसला आहे. दुकानाच्या पायरीवर साखळीने बांधलेला, धूर ओकत धडधडणारा तो डबा. दुकानात एक ट्यूब चालू असो की चार पंखे, त्याचा सूर बदलत नसे. कारण साधं होतं. अशा यंत्रात विजेची वारंवारता थेट इंजिनाच्या वेगावर ठरते. भारतात ५० हर्ट्झ हवेत, म्हणून मिनिटाला ३००० फेरे. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून ३६००. गरज कितीही कमी असो, फेरे कमी करता येत नाहीत.

इन्व्हर्टर जनरेटरने हीच गाठ सोडवली. त्यातलं इंजिन आधी जशी जमेल तशी वीज तयार करतं, तिचा डीसी प्रवाह केला जातो, आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट त्यातून १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची स्वच्छ लाट घडवतं. इंजिनाचा वेग आणि विजेचा ताल यांचा संबंध तुटला. काम हलकं असेल तर इंजिन हळू फिरू शकतं. लॅपटॉप आणि श्वासाचं सीपॅप मशीन अशा नाजूक उपकरणांना ही लाट मानवते, हा वेगळा फायदा.

कुणा ओळखीच्याकडे असं यंत्र असेल तर त्याच्याशेजारी दहा मिनिटं उभे राहा. काम हलकं असताना इंजिनाला हळू फिरू देणारा इको स्विच चालू असू द्या. नुसता फोन लावलेला असताना एक खालचा, सलग गुरगुरणारा आवाज येतो, त्यावर बोलता येतं. मग कुणालातरी आत इलेक्ट्रिक किटली लावायला सांगा. क्षणभर इंजिन दबतं, जणू दम घेतं, आणि लगेच सूर चढतो, डब्यावर ठेवलेला हात थरथरतो. तीन-चार मिनिटांनी पाणी उकळून किटली बंद पडते आणि सूर पुन्हा उतरतो. डेसिबलचे सगळे तक्ते या एका चढ-उतारात ऐकू येतात.

आता आकडे. होंडाचा ईयू२२००आय घ्या, या वर्गात बाकीच्यांना ज्याच्याशी ताडून पाहतात तो. कंपनी आवाज सांगते ४८ ते ५७ डेसिबल. खालचा आकडा पाव लोडचा, वरचा पूर्ण लोडचा. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात एकच आकडा असतो, आणि तो बहुधा पाव लोडचा, २३ फुटांवरून मोजलेला. तेव्हा आकडा दिसला की दोन गोष्टी विचारा: किती लोडवर, किती लांबून. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. १० वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सुमारे ६ कमी होतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा नियम सांगतो की ५० फुटांवर ६० डेसिबलहून जास्त आवाज करणारं यंत्र चालवायचं नाही. बांधकामावरचे उघडे जनरेटर तिथेच बाद होतात. पण ६० डेसिबल म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोघांच्या बोलण्याएवढा आवाज. ते बोलणं तंबूच्या दाराशी दोन तास एका सुरात, श्वास न घेता चाललं आहे अशी कल्पना करा. नियम पाळला गेला. तंबूतल्या माणसाला काय मिळालं?

इथे थांबा.

यानंतर आपल्या गरजेकडे या. एक कागद घ्या आणि आरव्हीत खरोखर काय चालतं ते लिहा. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा बॅटरीवरच चालतात. फ्रिज अनेक आरव्हींत प्रोपेनवर चालतो, शेगडीही. उरतात फोन, लॅपटॉप, अमेरिकेत घेतलेला ११० व्होल्टचा मिक्सर साधारण ५५० वॅट, इन्स्टंट पॉट १००० वॅट. मायक्रोवेव्हवर १००० वॅट लिहिलेलं असलं तरी तो भिंतीतून दीड हजारांच्या आसपास ओढतो. लिहिलेला आकडा अन्नात जाणाऱ्या उष्णतेचा असतो. आता यातल्या कोणत्या दोन वस्तू एकाच क्षणी चालल्याच पाहिजेत, यावर रेंगाळा. खिचडी शिजत असताना चटणी वाटायलाच हवी का? चटणी आधी वाटून घेतली तर १६०० ते १८०० वॅट सलग देणारं छोटं यंत्र घरच्या चौघांना पुरतं. खरेदी करताना हा सलग आकडाच बघायचा. नावात मिरवणारा २००० किंवा २२०० हा काही क्षणांपुरता असतो.

हिशेब बिघडवतो तो छतावरचा एसी. १३,५०० बीटीयूचा एसी चालताना दीड हजार वॅटच्या आसपास घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना पळभर त्याच्या दुपटीच्या आसपास मागतो, आणि लहान जनरेटर तिथेच मान टाकतो. मग लोक दोन यंत्रं समांतर जोडतात, किंवा साडेतीन हजार वॅटचं जड धूड घेतात. तिसरा रस्ता सॉफ्ट स्टार्टरचा. सुमारे ३०० डॉलरची ही वस्तू एसीत बसवली की सुरुवातीचा तो धक्का निम्म्याहून खाली येतो. माझं मत विचाराल तर मोठा जनरेटर फक्त एसीसाठी कधीच घेऊ नये. ज्या रात्री एसीशिवाय झोप येणार नाही, त्या रात्रीसाठी विजेचा खांब असलेलं आरव्ही पार्क भाड्याने घ्यावं, नाहीतर उंचावर जावं. घरात तान्हं मूल किंवा आजारी वडीलधारं माणूस असेल तर गोष्ट वेगळी. तिथे शंका नको, सॉफ्ट स्टार्टर बसवा आणि दोन यंत्रांची तयारी ठेवा.

उंचावर जाण्यातही एक मेख आहे. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के. योसेमिटीतच टुआलमी मेडोज ८६०० फुटांवर आहे. तिथे १८०० वॅटचं यंत्र साडेबाराशेच्या आसपास येतं, आणि मायक्रोवेव्ह लावला की बंद पडतं. पण तिथल्या रात्री इतक्या गार असतात की एसीची आठवणही येत नाही, उलट गोधड्या निघतात.

वेळेचा विचार हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. योसेमिटीत जनरेटर लावायच्या वेळा ठरलेल्या आहेत: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७. त्यातही बेतानेच लावा, असं उद्यानाचं सांगणं आहे. या दोन तासांत काय करून घ्यायचं? रात्रभरात बॅटरी उतरलेली असते, तेव्हा सकाळ तिच्यासाठी ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी असताना भराभर वीज घेते आणि पुढे पुढे मंदावते. तांब्या काठाला आला की नळ बारीक करावा लागतो, तसं. शेवटच्या पाचव्या हिश्शाला कित्येक तास लागतात. त्यासाठी जनरेटर चालवत ठेवणं म्हणजे पेट्रोल आणि शेजाऱ्याची सकाळ दोन्ही जाळणं. तेवढं काम छतावरच्या सोलर पॅनेलवर सोपवा. लिथियम बॅटरी मात्र जवळपास शेवटपर्यंत पूर्ण वेगाने भरते, म्हणून जुन्या बॅटऱ्या बदलायची वेळ आली असेल तर जनरेटरवरचे काही पैसे तिकडे वळवावेत. आणि यंत्रावरचं १२ व्होल्टचं भोक बॅटरीसाठी वापरू नका, ते जेमतेम ८ अँपिअर देतं. आरव्हीची जाडी केबल अडॅप्टरने १२० व्होल्टच्या आउटलेटला लावा, म्हणजे आरव्हीचा स्वतःचा कन्व्हर्टर चार्जिंग करेल. केबलमध्ये संरक्षक यंत्रणा बसवली असेल तर ती ग्राउंड सापडत नाही म्हणून वीज अडवू शकते. यंत्र बिघडलेलं नसतं. अशा जनरेटरांत न्यूट्रल मोकळा सोडलेला असतो, आणि त्यासाठीचा जोडणी-प्लग आरव्हीच्या सामानाच्या दुकानात मिळतो.

पैशाचं बोलू. होंडा आणि यामाहा महाग आहेत, हजार डॉलरच्या आगेमागे. चॅम्पियन, वेन, वेस्टिंगहाउस, प्रेडेटर यांची त्याच ताकदीची यंत्रं साधारण निम्म्या किमतीत मिळतात. वर्षातून चार-पाचदा बाहेर पडणाऱ्या कुटुंबाने स्वस्त घ्यायला काहीच हरकत नाही. पूर्ण लोडवर ती थोडी जास्त ओरडतात, म्हणून त्यांना पूर्ण लोड द्यायचा नाही, एवढं पथ्य. वजन मात्र स्वतः उचलून पाहा. होंडा सुमारे २१ किलोचा आहे, आणि तो आरव्हीच्या कप्प्यातून काढणारा माणूस पासष्टीचा असू शकतो. कॅलिफोर्नियात घेत असाल तर तिथल्या हवा मंडळाचं प्रमाणपत्र आणि धुराड्यावर ठिणगीरोधक जाळी आहे ना, ते बघा. कोरड्या जंगलात ती जाळी फार मोलाची आहे.

आता पुन्हा थांबा, आणि या वेळी धुराचा विचार करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. यंत्र कोणत्याही दारा-खिडकीपासून निदान २० फूट लांब हवं, धुराड्याचं तोंड माणसांच्या उलट दिशेला. माणसं म्हणजे आपली आणि शेजारचीही. आपल्यापासून लांब नेताना ते तंबूच्या जवळ जात नाही ना, हे चालून बघा. कार्बन मोनॉक्साइड वाढला की आपोआप बंद होणारं मॉडेल थोडे पैसे जास्त देऊनही घ्यावं. आरव्हीतल्या अलार्मची मागची बाजू वाचा, त्याचीही मुदत संपते. यंत्र लावण्याआधी तंबूपाशी जाऊन, अर्धा तास लावतोय, चालेल ना, असं विचारलं तर बहुतेक माणसं हसून हो म्हणतात. कधी कधी त्यांनाही फोन चार्ज करायचा असतो.

मग कोणताही घ्या. पहिल्या २० तासांनंतर ऑइल बदला. हंगाम संपला की टाकीतलं पेट्रोल काढून गाडीत ओता, उरलेल्यावर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून शेवटचे थेंब फडक्यात घ्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हिवाळाभर तिथे राहिलं तर चिकट राळ होऊन बारीक छिद्रं बुजवतं. मे महिन्यात निघायच्या आदल्या आठवड्यात, घराच्या अंगणात, एकदा दोरी ओढून बघा.