वलगणीत पाहुणा

अलास्कात सॅमन धरायला जाणारा हौशी माणूस परवाना काढतो, किंग सॅमन हवा असेल तर वेगळा शिक्का विकत घेतो आणि नाववाल्याला भरपूर पैसे मोजतो. मासा कुठे, किती खोलीवर, कोणत्या भरतीला सापडेल, हे त्या नाववाल्याला ठाऊक असतं. पण या हौसेला खरा आधार आहे तो मोजणीचा. समुद्रातून नदीत चढणारे मासे तिथं सोनारनं, नाहीतर नदीत आडवं कुंपण घालून मोजतात. आकडा घसरला की हंगामाच्या मध्यावरही मासेमारी बंद होते. युकॉन नदीतल्या किंग सॅमनच्या मासेमारीवर 2024मध्ये अलास्का राज्य आणि कॅनडा यांनी सात वर्षांची बंदी घातली. सात वर्षं म्हणजे त्या माशाचं साधारण एक आयुष्य.

रायगडातल्या कर्जत-खालापुरात मासे मोजत कोणी नाही, पण चढण इथंही आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात उल्हास आणि पाताळगंगेचं पाणी लाल होतं, ओढे शेतांना भिडतात आणि अंडी घालायला मासे उथळ पाण्याकडे निघतात. मळे, शिवडे, शिंगट्या, वाम. ही वलगण. रात्री बॅटऱ्या, पागाचं जाळं आणि भोकशीचा सापळा घेऊन गाव बांधावर उतरतं. कोणता बांध आधी फुटेल आणि मासा कुठून वळेल, याचा अंदाज कातकऱ्याइतका पक्का क्वचितच कुणाला असतो. गाबोळीनं भरलेला मासा तर विशेष आवडीचा. तो धरणं म्हणजे पुढची पिढी धरणं, हे खरंच आहे.

याच दिवसांत मुंबई-पुण्याच्या गाड्या इथल्या धबधब्यांकडे धावतात. उद्या कोणी वाटाड्यासह 'वलगण सफर' विकायला काढली, तर मला नवल वाटणार नाही. रायगडातच कोलाडला, भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर राफ्टिंगचा धंदा उभा आहेच. कातकरी तरुणाला वीटभट्टीऐवजी स्वतःच्या नदीवर मजुरी मिळाली, तर त्याला नाक मुरडणारे आपण कोण?

माझी हरकत सफरीच्या वेळेला आहे: तेव्हा मासा अंडी घालायला निघालेला असतो. पूर्वीही मासे धरत होते आणि ते संपले नाहीत, असं गावात सांगतात; पण तेव्हा मासा चुकून निसटला तर त्याला पोचायला शेत होतं. आज त्या शेतावर भराव पडलाय, वर बंगला आणि भोवती दगडी कुंपण. ओढ्याचा काँक्रीटचा नाला झालाय. पाहुण्यानं गळ टाकायच्या आधीच त्याच्या सुट्टीच्या घरानं वलगण अडवलेली असते. पोटापुरत्या मासळीसाठी पाग टाकणाऱ्या कुटुंबाला आधी दोषी धरणं मला अन्यायाचं वाटतं.

अलास्कात 1978च्या कायद्यानं क्रम ठरवून दिला: मासा कमी पडला तर हौशी आणि धंदेवाले आधी थांबतील, त्यावर जगणारा शेवटी. युकॉनवर मात्र वेळ इतकी गेली होती की तिथल्या आदिवासींच्या ताटातलाही किंग सॅमन गेला. आपण नियम करायला तितकाच उशीर केला, तर सगळ्यात आधी उपाशी कोण राहील, हे कर्जतच्या कातकरीवाडीत विचारायची गरज नाही.

हौसेला दुसरा हंगाम आहे. टाटांच्या वीजघरांचं पाणी खोपोलीहून 1915पासून पाताळगंगेत, भिवपुरीहून 1922पासून उल्हास नदीत येतं, म्हणून या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या असतात. तेव्हा गळ टाकावा, वाटाड्या वाडीतलाच घ्यावा, त्याचे पैसे त्याच्याच हातात द्यावेत. पहिल्या पावसाचे दिवस मात्र पाहुण्यांना बंद. फार तर त्यांनी बांधावर उभं राहून मासे मोजावेत, त्याचीही फी घ्यावी. ग्रामपंचायतीच्या वहीत निदान एक आकडा तरी येईल. आणि गळाचा परवाना द्यायचा तो ज्याच्या कुंपणाखालून ओढ्याला वाट ठेवली आहे, त्याच फार्महाउसच्या पाहुण्याला.