खंदक पाहिलेला डॉक्टर

अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी पेशाने डॉक्टर. १८७० साली यॉर्कशायरमध्ये जन्म, केंब्रिजला वैद्यकीचं शिक्षण आणि मग दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिश फौजेबरोबर सर्जन. तिथे मूठभर बोअर शेतकरी बलाढ्य साम्राज्याला जेरीस आणत होते. त्यांचे खरे खंदक आजूबाजूच्या जमिनीत बेमालूम मिसळलेले असत आणि नजरेत भरणारे खंदक बरेचदा रिकामे निघत. डॉक्टरने ही विद्या नीट पाहून ठेवली.

लीड्सला परतल्यावर त्याने ती गोल्फच्या मैदानावर वापरली. १९०७ च्या सुमारास अल्वुडलीचं मैदान आखण्यापासून सुरुवात झाली. पुढे दवाखाना सुटला तो कायमचा. त्या काळची मैदानं बांधीव दिसत. सरळ रेषेत खणलेले बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे; पाटासारखी सपाट ग्रीन्स, म्हणजे खळग्याभोवतालची हिरवळ. मॅकेन्झीचं म्हणणं, परक्या माणसाला निसर्गाचं काम कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, हे कळताच कामा नये. १९२० च्या पुस्तकात त्याने तेरा तत्त्वं मांडली. हरवलेला चेंडू शोधत फिरण्याचा वैताग नको आणि नवशिक्यालाही खेळात मजा यावी, ही त्यातली दोन.

खंदकाची विद्या त्याने जशीच्या तशी मात्र उचलली नाही. सैनिकाचा खंदक दिसता कामा नये. बंकर दिसायला हवा, तो माणसाने खणलाय एवढंच लपायला हवं. कारण धोका समोर दिसला, तरच खेळाडू विचार करणार: सरळ पलीकडे मारायचा की वळसा घ्यायचा?

कॅलिफोर्नियातल्या सायप्रस पॉइंटचं सोळावं होल हा त्याचा अस्सल नमुना. टी, म्हणजे पहिल्या फटक्याची जागा, एका कड्यावर, ग्रीन समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकावर, मध्ये पॅसिफिकच्या लाटा. अंतर दोनशे यार्डांहून जास्त. धाडस नसेल त्याला डावीकडे जमीन आहे. एखादा फटका जास्त लागेल, इतकंच. या होलचं श्रेय मॅकेन्झीने स्वतः घेतलं नाही. ते त्याने मॅरियन हॉलिन्सला दिलं. हॉलिन्स १९२१ ची अमेरिकन महिला हौशी विजेती. नामवंत माणसाने असं लिहून ठेवावं, हे या धंद्यात तरी दुर्मीळच.

जगाला मात्र तो माहीत आहे ऑगस्टा नॅशनल या मैदानामुळे. जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर नामांकित गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर त्याने ते आखलं. मंदीचे दिवस, ठरलेले पैसे पूर्ण हाती पडलेच नाहीत. जानेवारी १९३४ मध्ये तो गेला आणि पुढे मास्टर्स म्हणून गाजलेली स्पर्धा दोनच महिन्यांनी तिथे प्रथम भरली.

टीव्हीवर दिसणारी आजची ऑगस्टा पाहून मॅकेन्झीचं मोजमाप करू नये. तिथे आता सगळं इतकं घोटीव आहे की माणसाचा हात पदोपदी दिसतो. वाढीव गवत त्याला नकोसं होतं. १९९९ पासून फेअरवेच्या, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्याच्या, कडेला तेही आलं. दहाव्या होलवरचं ग्रीन १९३७ मध्ये मागे हलवलं गेलं. त्याने ग्रीनजवळ खणलेला मोठा बंकर मात्र जागच्या जागी राहिला. आज तो फेअरवेच्या मधोमध आहे आणि चांगल्या खेळाडूचा चेंडू त्यात सहसा जात नाही.