आठ दिवसांची सेवा

भाची : मावशी, डिसेंबरात मेळघाटात चाललेय. चिखलदरा बघायचा आणि आठ दिवस जवळच्या वस्तीवर मुलांना इंग्रजी शिकवायचं. नुसतं फिरण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडलेलं बरं ना?

मावशी : बरंच. पण मी धारणीकडे पहिलीला शिकवलंय. घरी कोरकू बोलणारं मूल नव्या बाईंपुढे तोंड उघडायलाच आठ दिवस घेतं. ते बोलू लागेल तेव्हा तू परतीच्या गाडीत असशील. मग दुसरी ताई येणार, पुन्हा ‘तुझं नाव काय’पासून सुरुवात. जिचा लळा लागतो ती निघून जाते, हे त्या लेकराने किती वेळा सोसायचं?

भाची : मग जायचंच नाही? अशाने शहरातली माणसं घरीच बसतील. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळवळा येतो का?

मावशी : जा ना! फक्त काम तू ठरवू नकोस. 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावांनी श्रमदानाने पाणी अडवायची स्पर्धा, वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई तालुक्यांत सुरू झाली. पुढे 1 मेच्या महाश्रमदानाला शहरांतून माणसं लोटली. चर कुठे खणायचा ते गावाने ठरवलेलं, उताराला आडवी फक्कीची रेघ मारून ठेवलेली. पाहुण्याने कुदळ चालवायची, घमेलं पुढे द्यायचं. तो घरी गेला तरी चर पाणी अडवतो.

भाची : पण हाताला फोड येईपर्यंत तो खणणार कितीसा? त्याच्या प्रवासखर्चात जेसीबीने जास्त काम होईल. पैसेच का पाठवू नयेत?

मावशी : पैशाने भागत असेल तिथे पैसेच पाठवावेत. अंगमेहनतीतून जाणारा स्वतः घडतो, तो लाभ त्याचा. बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती तरुणांना घडवण्यासाठीच.

भाची : घेणारी मीच असेन, तर ती सेवा कसली?

मावशी : घेण्यात कमीपणा नाही. घेतोय आपण आणि उपकार दाखवतोय दुसऱ्यावर, हे मात्र वाईट. निघण्याआधी तिथल्या गुरुजींना फोन कर. पुस्तकांना कव्हरं घालून हवी असतील, तर ती घाल. काहीच नको म्हणाले, तर गावातल्या घरी पैसे देऊन राहा, तिथलंच जेव, डोंगर बघ. मुलांना शिकवायचं असेल, तर वर्षभर राहायची तयारी हवी. ती नसेल, तर त्यांच्या वाट्याला जाऊ नये.