डोळे उघडायची वेळ

डोहाळजेवणाची फळं मांडायला बसलं की पहिला प्रश्न रंगाचा निघतो. डाळिंबाशेजारी मोसंबी उठून दिसेल की केळी? माझ्या मते रंगाचं शेवटी बघावं. फळांची आरास म्हणजे आधी वेळेची जुळवाजुळव. ओटी भरायची त्या घटकेला परातीतलं प्रत्येक फळ आपल्या ऐन भरात हवं, आणि तिथवर पोचायला प्रत्येकाला लागणारे दिवस वेगळे.

इस्लापुरात अश्विनात हे लवकर कळतं, कारण किनवटच्या रानातली सीताफळं तेव्हा बाजारात उतरतात. सीताफळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंद होऊन पिवळसर-पांढऱ्या दिसायला लागल्या की डोळे उघडले म्हणतात. डोळे उघडले म्हणजे फळ तोडायला आलं, खायला नव्हे. हातात घेतलं तर दगडासारखं टणक लागतं. मग दोन-चार दिवस ते धान्यात नाहीतर गवतात पिकत घालायचं. एका सकाळी देठाजवळ अंगठा हलका दाबला की आत जातो. तो त्याचा दिवस. दुसऱ्या दिवशी ते उललेलं असतं. फ्रिजमध्ये ठेवून थांबवावं म्हटलं तर साल काळी पडते, आणि काळं फळ ओटीत कोण घालणार?

सगळीच फळं अशी नसतात. केळी, आंबा, चिकू, पेरू, सीताफळ ही तोडल्यावरही पिकत राहतात. पिकताना त्यांच्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तोच शेजारच्या फळालाही पिकायला लावतो. द्राक्षं, मोसंबी, संत्री, डाळिंब यांचं मात्र झाडावर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तोडल्यावर त्यांची गोडी वाढत नाही. एवढा भेद ध्यानात आला की खरेदीचा क्रम आपोआप लागतो. मोसंबी-डाळिंब आदल्या दिवशी आणली तरी चालतात. सीताफळं चार दिवस आधी घ्यावीत, तीही सगळी एका टणकपणाची नकोत. अर्धापूर-मुदखेड पट्ट्यातल्या केळ्यांची फणी जरा हिरवट असतानाच घरात यावी. सीताफळं मागे पडली तर त्यांच्या टोपलीत एक पिकलं केळं ठेवायचं, वर फडकं टाकायचं. आपल्या आज्यांची आंब्याची आढी याच वायूवर चालायची, नाव तेवढं त्यांना ठाऊक नव्हतं. कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. गर्भारशीच्या पुढ्यात असलं फळ जाताच कामा नये.

माझ्या पुतणीच्या वेळी मी हौसेने आदल्या रात्रीच सगळं रचून ठेवलं होतं. पिकली सीताफळं खाली आणि मोसंबी वर. तिच्या फुलांची वाडीही त्याच खोलीत, केळ्यांना लागून. सकाळी केळीच्या पानावर रस ओघळलेला, चिलटं घोंगावत होती, आणि वाडीतल्या मोगऱ्याने माना टाकलेल्या. पोरीचा चेहरा उतरला, तो मला अजून दिसतो.

तेव्हापासून रचना त्याच सकाळी करते. मोठ्या परातीत केळीचं पान, मधोमध उपडा तांब्या, त्यावर लहान परात. खाली मोसंबी आणि डाळिंबं, कारण भार तीच सोसतात. सीताफळं वरच्या परातीत, देठ खाली, एकावर एक नाही. द्राक्षं मिळाली तर त्यांच्यावरची पांढरी लव पुसायची नाही. ती त्यांची स्वतःची मेणाची झाक असते आणि तिच्यामुळेच ती ताजी दिसतात. पपई आणि अननस या परातीत ठेवायची आपल्याकडे रीत नाही. पेरूच्या फोडी अगदी शेवटी, बायका पाटावर बसल्यावर, लिंबाचा हात लावून. नाहीतर घटकाभरात लाल पडतात. रंग कधी जमला ते कळतही नाही. जे ज्या घटकेला तयार, ते तिथे ठेवत गेलं की पिवळ्याशेजारी हिरवं आलेलंच असतं.

ओटी भरून झाली की परात मोडायची. मऊ सीताफळ आधी तिच्या हातात, मग पोराबाळांच्या. टोपलीच्या तळाशी चार टणक मुद्दाम राखलेली असतात. आदिलाबादच्या गाडीने परतणाऱ्या नणंदेच्या पिशवीत ती घालताना सांगायचं, "ताई, आज फोडू नका. परवा सकाळी देठाशी दाबून बघा."